बीएआरसीत फक्त शास्त्रज्ञच नसतात: राष्ट्रीय प्रयोगशाळेतली नोकरी नेमकी कशी असते

अटल सेतूवरून शिवडीकडून न्हावाशेव्याकडे निघालात की डाव्या हाताला बराच वेळ उंच बॅरियर लागतात आणि समुद्र दिसायचा बंद होतो. ते उगाच लावलेले नाहीत, पलीकडे ट्रॉम्बेच्या डोंगराखाली भाभा अणुसंशोधन केंद्र पसरलंय, म्हणजे आपलं बीएआरसी, कुणी त्याला बार्क म्हणतं, आणि तिकडचा फोटो कुणी काढू नये म्हणून ही सोय. घारापुरीच्या लाँचमधून मात्र रिॲक्टरचा, म्हणजे अणुभट्टीचा, घुमट लांबून दिसतो आणि लाँचमधलं कुणीतरी हमखास बोटानं दाखवून सांगतं, ते बघा, तिथे अणुबॉम्ब बनवतात.

मी मानखुर्दला वाढलो. माझा मामा तिथे टर्नर होता, पस्तीस वर्षं लेथवर उभं राहून निवृत्त झाला. लहानपणी आम्ही त्याला विचारायचो की तू नक्की काय बनवतोस, तर तो म्हणायचा "नळकांडी", आणि विषय तिथेच संपायचा. आता माझा भाचा बार्शीला आयटीआय करतोय, फिटर ट्रेड, आणि त्याला मी बीएआरसीचं नाव सांगितलं तर तो म्हणाला, मामा तिथे पीएचडीवाले लागतात, आपलं काय काम. हे ऐकून मला खरंच वाईट वाटलं, कारण बार्शीतल्या किंवा चाळीसगावातल्या किंवा सावंतवाडीतल्या हजार पोरांना असंच वाटत असणार. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

आधी प्रयोगशाळा म्हणजे काय ते. शाळेतली लॅब डोळ्यासमोर आणू नका. १९५४ मध्ये होमी भाभांनी ट्रॉम्बेला अणुऊर्जा संस्था सुरू केली, १९५७ मध्ये नेहरूंच्या हस्ते तिचं रीतसर उद्घाटन झालं, १९६६ मध्ये भाभा विमान अपघातात गेले आणि १९६७ मध्ये संस्थेला त्यांचं नाव दिलं. आज ते एक गावच आहे म्हणा, त्यात रिॲक्टर आहेत, केमिकल प्लांट आहेत, वर्कशॉप आहेत, शेतीचे प्लॉट आहेत, सुपरकॉम्प्युटर आहे, अग्निशमन दल आहे, आणि बाहेर अणुशक्तीनगरमध्ये कॉलनी, हॉस्पिटल, शाळा.

रिॲक्टर म्हटलं की लोकांना वीज आठवते. पण ट्रॉम्बेच्या रिॲक्टरमधून वीज येत नाही. पहिला होता अप्सरा, ४ ऑगस्ट १९५६ ला चालू झाला, निळसर पाण्याच्या हौदात बुडवलेला. मग १९६० मध्ये कॅनडाच्या मदतीचा सायरस, आणि १९८५ मध्ये पूर्ण आपला असा ध्रुव, १०० मेगावॉटचा. ध्रुवची उष्णता शेवटी समुद्राच्या पाण्यात सोडून देतात, कारण तिथे पाहिजे असतात न्यूट्रॉन. न्यूट्रॉनच्या माऱ्यात एखादा पदार्थ ठेवला की त्यातून किरणोत्सारी आयसोटोप, म्हणजे किरणं सोडत राहणारे अणू, तयार होतात, उदाहरणार्थ आयोडीन-१३१, जे थायरॉइडच्या कॅन्सरच्या पेशंटला देतात. शिवाय न्यूट्रॉनचा झोत एखाद्या धातूतून आरपार पाठवून त्याच्या आत अणू कसे रचलेत ते बघता येतं. आणि हो, लाँचमधला माणूस अगदीच चुकीचं सांगत नसतो, १९७४ च्या पोखरण चाचणीतलं प्लुटोनियम सायरसमधून आलं होतं. हे लपवून करिअरचा सल्ला देणं मला पटत नाही. तिथे अर्ज करणाऱ्यानं हे माहीत असूनच करावा, आणि हे काम मनाला पटत नसेल तर आधीच थांबावं.

पण तेवढंच नाही, आणि माझा मुद्दा इथे सुरू होतो. तुमच्या घरात विदर्भातल्या उडदाचं वरण शिजत असेल तर तो टीएयू-१ असू शकतो. टीएजी-२४ हे भुईमुगाचं वाण शेतकऱ्यांना तोंडपाठ आहे पण ती अक्षरं कशाची ते फार जणांना ठाऊक नसतं: ट्रॉम्बे, अकोला, ग्राउंडनट. म्हणजे ट्रॉम्बेला बियाण्यावर किरणांचा मारा करायचा, त्यामुळे बियांच्या जनुकांत बारीक बदल होतात, मग ती हजारो रोपं लावायची, त्यातली बुटकी, लवकर येणारी, जास्त शेंगा धरणारी निवडायची, पुन्हा लावायची, पुन्हा निवडायची, अशी वर्षानुवर्षं, आणि मग अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठासारख्या ठिकाणी ती पारखून शेतकऱ्यांपर्यंत न्यायची. हे करणारा माणूस एमएस्सी बॉटनी किंवा ॲग्रीकल्चर झालेला असतो. लासलगावचं कृषक केंद्र, जिथे किरणांनी कांद्याला कोंब फुटणं थांबवतात आणि जिथून २००७ मध्ये आपला आंबा अमेरिकेला गेला, तेही बीएआरसीनंच उभारलेलं. तर विज्ञानाची करिअर म्हणजे फक्त फिजिक्स नाही, केमिस्ट्री, बायोसायन्स, जिओलॉजी सगळ्यांना जागा आहे.

आता यात शिरायचं कसं. वरच्या पातळीचा दरवाजा म्हणजे ट्रेनिंग स्कूल, ते १९५७ पासून चालू आहे. भाभांचं म्हणणं साधं होतं, की अणुविज्ञान येणारी माणसं आपल्याकडे तयार मिळणार नाहीत, तर आपणच तयार करायची. इंजिनीअरिंगची पदवी किंवा विज्ञानाची मास्टर्स, किमान ६० टक्के, मग ऑनलाइन परीक्षा द्या नाहीतर गेट या देशपातळीवरच्या परीक्षेचा स्कोअर लावा. पण हे फक्त चाळणीसाठी. शेवटची निवड फक्त इंटरव्ह्यूवर होते, गेटमध्ये तुम्ही पहिले आलात की शंभरावे याचा तिथे काही उपयोग नाही, आणि इंटरव्ह्यू पाऊण तास, तास, कधी त्याहून जास्त चालतो. तुमचा आवडता विषय विचारतात आणि मग त्याच्या मुळापर्यंत खणत जातात. पाठ केलेलं पाचव्या मिनिटाला संपतं. क्लासवाले जे सांगतात की सगळा सिलॅबस उरका, त्यापेक्षा दोनतीन विषय हाडापर्यंत येणं इथे जास्त कामाचं, फळ्यापाशी उभं राहून पहिल्या समीकरणापासून मांडता यायला हवं, आणि जिथे येत नाही तिथे सरळ येत नाही म्हणायचं.

निवड झाली की वर्षभराचा कोर्स, स्टायपेंडसकट, सतत परीक्षा, आणि मग सायंटिफिक ऑफिसर सी म्हणून नेमणूक, मूळ पगार सातव्या वेतन आयोगाप्रमाणे ५६,१०० पासून, वर महागाई भत्ता वगैरे. किमान तीन वर्षं सेवा करायचा बाँड असतो. दुसरी वाट म्हणजे आयआयटीसारख्या ठिकाणी एमटेक करायचं, खर्च अणुऊर्जा विभागाचा, म्हणजे बीएआरसी ज्याच्या हाताखाली येतं त्या सरकारी खात्याचा, आणि नंतर नोकरी इथे. आत आल्यावर होमी भाभा नॅशनल इन्स्टिट्यूटमधून पीएचडीही करता येते. अनिल काकोडकर व्हीजेटीआयमधून मेकॅनिकल होऊन १९६४ मध्ये असेच ट्रेनिंग स्कूलमधून आले आणि पुढे अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले.

एक गोष्ट मला या व्यवस्थेत मनापासून आवडते. बहुतेक सरकारी खात्यांत वरचा माणूस निवृत्त झाल्याशिवाय खालच्याला बढती नाही. इथे शास्त्रज्ञांची बढती रिकाम्या जागेवर अवलंबून नसते, ठरावीक वर्षं झाली की कमिटीपुढे आपलं काम मांडायचं आणि काम बरं असेल तर सीचा डी, डीचा ई. त्यामुळे चांगला माणूस खुर्चीची वाट बघत कुजत नाही.

इंजिनीअरचं काम कसं असतं हे सांगायला ध्रुवचीच गोष्ट बरी. ऑगस्ट १९८५ मध्ये तो सुरू झाला, सगळीकडे कौतुक, आणि मग पॉवर वाढवायला गेले तर थंड ठेवण्यासाठी जोरात वाहणाऱ्या जड पाण्यामुळे (यात साध्या हायड्रोजनऐवजी त्याचा जड प्रकार असतो) इंधनाच्या कांड्या थरथरायला लागल्या. थरथरून ॲल्युमिनियमचं आवरण घासलं, आणि आतलं युरेनियम पाण्यात उतरायला लागलं. नळ अर्धवट उघडला की पाइप कसा गुरगुरतो, तसंच काहीसं, फक्त इथे पाइपच्या जागी रिॲक्टरचा गाभा. मग इंधनाची रचना बदलली, ती धरून ठेवायची पद्धत बदलली, पाणी साफ केलं, आणि पूर्ण १०० मेगावॉट गाठायला १९८८ उजाडलं. यात अणुविज्ञान किती आणि मेकॅनिकल किती ते बघा. पाण्याचा प्रवाह, कंपन, घर्षण, वेल्डिंग, सगळं डिप्लोमाच्या पुस्तकातलं. फरक एवढाच की चुकलं तर हात घालून दुरुस्त करता येत नाही.

हात घालता येत नाही यावरून हॉट सेल आठवला. अतिकिरणोत्सारी वस्तू एका जाड काँक्रीटच्या खोलीत असते, खिडकीला शिसं मिसळलेली काच, इतकी जाड की आतलं सगळं पिवळसर दिसतं. बाहेर उभा असलेला टेक्निशियन दोन मुठी धरतो, आणि आत त्याच्या हाताची नक्कल करणारे दोन यांत्रिक चिमटे हलतात. त्या चिमट्यांनी बाटलीचं झाकण उघडायचं, नमुना उचलायचा, कापायचा, तोलायचा, आणि बोटाला स्पर्श नाही, फक्त डोळे आणि मनगट. हे पुस्तकातून येत नाही, माणूस महिनोन्महिने रिकाम्या बाटल्यांवर हात बसवतो. एखाद्या शास्त्रज्ञाचा अख्खा प्रयोग त्या मनगटावर असतो.

आणि हा माणूस बहुतेकदा आयटीआय केलेला असतो! हेच माझ्या भाच्याला सांगायचं होतं. बीएआरसी स्टायपेंडरी ट्रेनी, म्हणजे स्टायपेंड देऊन शिकवायचे उमेदवार, घेतं, दोन प्रकारचे. पहिली कॅटेगरी डिप्लोमा इंजिनीअर आणि बीएस्सीवाल्यांची, ट्रेनिंगनंतर सायंटिफिक असिस्टंट, मूळ पगार ३५,४०० पासून. दुसरी कॅटेगरी आयटीआय आणि बारावी सायन्सवाल्यांची, ट्रेनिंगनंतर टेक्निशियन, मूळ पगार २१,७०० पासून. फिटर, टर्नर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक, बारावीवाल्यांना प्लांट ऑपरेटर. २०२३ च्या एका जाहिरातीत एकूण ४,३७४ जागा होत्या आणि त्यातल्या २,९४६ या दुसऱ्या कॅटेगरीच्या. म्हणजे ज्या संस्थेला आपण पीएचडीवाल्यांची समजतो तिच्या त्या भरतीत तीनात दोन जागा आयटीआय-बारावीवाल्यांसाठी होत्या. दर वर्षी एवढी मोठी जाहिरात येत नाही, कधी वर्ष वर्ष काहीच नसतं, त्यामुळे त्याच एका भरतीवर डोळे लावून घरी बसू नका, बाकीचं काम चालू ठेवा.

आता सुरक्षा. या शब्दात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र येतात. एक म्हणजे किरणांपासून माणसांची सुरक्षा, दुसरी म्हणजे माणसांपासून त्या पदार्थांची सुरक्षा.

पहिलीचं सगळ्यात जवळचं रूप म्हणजे छातीवरचा बिल्ला. टीएलडी म्हणतात त्याला, काडेपेटीएवढं प्लास्टिक, आत तीन छोट्या चकत्या. किरणं पडली की त्या चकत्यांतला पदार्थ थोडी थोडी ऊर्जा साठवून ठेवतो, नंतर लॅबमध्ये त्या तापवल्या की ती ऊर्जा उजेड होऊन बाहेर पडते, आणि उजेड जितका जास्त तितका डोस जास्त. म्हणजे त्या माणसानं या काळात किती किरणं घेतली याची पासबुकासारखी नोंद राहते. मर्यादा ठरलेली आहे: पाच वर्षांत मिळून १०० मिलिसिव्हर्ट (किरणांचा डोस मोजायचं एकक), म्हणजे वर्षाला सरासरी २०, आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. सामान्य माणसासाठी वर्षाला १. हे बघणाऱ्यांना हेल्थ फिजिक्सवाले म्हणतात. ॲक्टिव्ह एरियातून, म्हणजे किरणोत्सारी काम चालतं त्या भागातून, बाहेर पडताना हातपाय मॉनिटरवर ठेवायचे, घंटा वाजली तर धुवायचं, पुन्हा ठेवायचे, पुन्हा वाजली तर पुन्हा, आणि साहेब असो की शिपाई, त्यांचा "नाही" म्हणजे नाही. एमएस्सी फिजिक्सवाल्यांसाठी याच्याच जवळची एक वाट आहे, बीएआरसीचा रेडिओलॉजिकल फिजिक्सचा एक वर्षाचा डिप्लोमा, तो करून कॅन्सर हॉस्पिटलमध्ये मेडिकल फिजिसिस्ट होता येतं, किरणांचा डोस पेशंटला बरोबर जागी बरोबर तेवढाच जातोय ना हे बघणारा माणूस. फिजिक्स करून पुढे काय असं विचारणाऱ्यांना हे कुणी का सांगत नाही देव जाणे.

दुसरी सुरक्षा म्हणजे गेट, कुंपण, गार्ड. अणुऊर्जा विभागाचं स्वतःचं सुरक्षा खातं आहे, त्यात दहावी पास सिक्युरिटी गार्डपासून पदवीधर असिस्टंट सिक्युरिटी ऑफिसरपर्यंत भरती होते, शारीरिक चाचणी आणि लेखी परीक्षा. शिवाय देशातल्या अणुकेंद्रांना सीआयएसएफचं, म्हणजे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचं, संरक्षण असतं, तिथे कॉन्स्टेबल म्हणून एसएससीच्या (दहावी नव्हे, स्टाफ सिलेक्शन कमिशन) परीक्षेतून आणि असिस्टंट कमांडंट म्हणून यूपीएससीतून जाता येतं, पण सीआयएसएफमध्ये पोस्टिंग तुमच्या मर्जीची नसते, आज अणुकेंद्र तर उद्या विमानतळ. फायरमनचीही वेगळी भरती असते.

लोकांना वाटतं गार्ड म्हणजे बंदूक घेऊन उभा राहणारा. खरं तर या सुरक्षेचा विचार शेतकऱ्यालाही पटेल असा आहे. कुंपण चोराला कायमचं अडवत नाही, कुंपण वेळ खातं. आधी चोर आलाय हे कळलं पाहिजे, मग त्याला वाटेत इतका उशीर झाला पाहिजे की तो आत पोचायच्या आधी आपली माणसं तिथे पोचतील. कळण्यासाठी सेन्सर आणि कॅमेरे, उशीर होण्यासाठी दारं, भिंती, एकात एक कुंपणं, आणि पोचण्यासाठी जवान. उशीर भरपूर पण कळलंच नाही, तर सगळी भिंत फुकट. म्हणून यात इलेक्ट्रॉनिक्सवाला लागतो, सिव्हिलवाला लागतो, कॉम्प्युटरवाला लागतो. जून १९९८ मध्ये, पोखरणच्या चाचण्यांनंतर, मिलवर्म नावाच्या टोळीतल्या परदेशी पोरांनी, त्यातले बरेच अठराच्या आतले, बीएआरसीच्या सर्व्हरमध्ये शिरून ईमेल पळवले होते. २०१९ मध्ये कुडनकुलम अणुवीज केंद्राच्या ऑफिसच्या एका कॉम्प्युटरमध्ये मालवेअर, म्हणजे घातक प्रोग्राम, सापडलं, पण इंटरनेटला जोडलेलं ऑफिसचं नेटवर्क आणि रिॲक्टर चालवणारं नेटवर्क वेगळं ठेवलेलं असल्यानं ते तिकडे गेलं नाही. ही दोन नेटवर्क वेगळी ठेवणं आणि कुणी आळसानं मधे पेन ड्राइव्ह लावणार नाही हे बघणं, ही आज पूर्ण वेळची करिअर आहे.

मला एक गोष्ट टोचते ती म्हणजे या संस्थेतली देखरेख. अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ मध्ये स्थापन झालं, पण २००० पासून बीएआरसीच्या स्वतःच्या सुविधांची सुरक्षा बीएआरसीचीच सेफ्टी कौन्सिल बघते. गुप्ततेची कारणं असतील, तरी बाहेरच्या डोळ्यांची नजर जास्त बरी असं माझं मत आहे.

गुप्ततेची किंमत माणसालाही मोजावी लागते. आत मोबाइल नाही. संशोधन छापायचं तर परवानगी, परदेशी जायचं तर परवानगी. मामीला मामाचा दिवस कसा गेला ते कधीच कळलं नाही, ती फक्त डबा किती परत आला यावरून ओळखायची. दुपारी घरी काही झालं तर गेटवर फोन करून निरोप द्यायचा. एखाद्याला हे कोंडल्यासारखं होईल, एखाद्याला बरं वाटेल, कारण सहा वाजता बस कॉलनीत आली की काम गेटच्या आत राहिलेलं असतं. आपण कुठल्या प्रकारचे आहोत हे अर्ज भरायच्या आधी घरात बसून बोलावं.

आणि एजंटच्या नादी लागू नका. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबानं गुरं विकून एका माणसाला पैसे दिले, त्यानं शिक्का मारलेलं नेमणूकपत्र दिलं, पोरगं नवे बूट घालून गेटवर गेलं आणि गार्डनं ते पत्र बघून त्याला बाजूला बसवून पाणी दिलं. तसली पत्रं त्या गार्डनं आधीही पाहिली असणार. जाहिरात बीएआरसीच्या स्वतःच्या वेबसाइटवर येते, अर्ज ऑनलाइन, मधे कुणी नाही. निवड झाल्यावर पोलीस पडताळणी होते आणि एक लांबलचक फॉर्म भरावा लागतो, कुठे राहिलात, कुठे शिकलात, तारखांसकट, तर भाड्याच्या खोल्यांचे जुने पत्ते आत्तापासून वहीत लिहून ठेवा.

दुसऱ्या कॅटेगरीची परीक्षा तीन पायऱ्यांची. पहिल्या पेपरात दहावीच्या पातळीचं गणित, विज्ञान आणि थोडं सामान्य ज्ञान, चुकीच्या उत्तराला मार्क कापतात. दुसऱ्यात तुमचा ट्रेड. मग स्किल टेस्ट, तिथे हात बोलतो. भाचा दिवाळीत मानखुर्दला आला होता तेव्हा माझ्या मामानं त्याला लोखंडाचा एक तुकडा आणि कानस दिली, म्हणाला चौकोन कर, चारही बाजू सारख्या. पोरानं तासभर घासून आणून दिला. मामानं काटकोन बघायचा गुण्या लावला आणि तुकडा उजेडापुढे धरला, पातं आणि लोखंड यांच्यामध्ये केसाएवढी फट दिसत होती. मामा काही बोलला नाही, तुकडा त्याच्या हातात परत दिला, आणि भाचा पुन्हा गॅलरीत जाऊन बसला.